यंत्रमागांच्या शेजारी एसटीएम : सोलापुरातील प्रकल्प नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावरील एका अणुथराची पायरी मोजता यावी आणि जमल्यास त्यावरील अणूंची जाळी दिसावी, इतक्या कुवतीचा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप, म्हणजेच एसटीएम, स्वतः बांधायचे ठरले आहे. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि सोबत एमएस्सीचे दोन विद्यार्थी आहेत. महाविद्यालयाची प्रयोगशाळा सायंकाळी बंद होते आणि हे काम रात्रीही करावे लागेल, म्हणून अक्कलकोट रस्त्यालगतच्या माझ्या घराची तळमजल्यावरील खोली निवडली. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे टॉवेलचा यंत्रमाग कारखाना आहे. नॅनोमीटर मोजणाऱ्या यंत्राला याहून वाईट शेजार मिळणे कठीण, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु सोलापुरात ज्याला असे काम हाती घ्यायचे असेल त्यालाही बहुधा अशीच जागा मिळेल, त्यामुळे येथील अनुभव लिहून ठेवणे उपयोगाचे ठरेल.

तत्त्वाबद्दल एवढेच सांगतो. धातूची टोकदार सुई वाहक नमुन्यापासून एक नॅनोमीटरपेक्षाही कमी अंतरावर आणली की मधल्या पोकळीतून सूक्ष्म प्रवाह वाहतो, आणि अंतर ०.१ नॅनोमीटरने वाढले की तो साधारण दहापट घटतो. प्रवाह स्थिर राहील अशा बेताने सुई खालीवर करत नमुन्यावरून फिरवली की पृष्ठभागाचे चढउतार नोंदवता येतात. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर यांनी १९८१ साली झुरिकजवळील आयबीएमच्या प्रयोगशाळेत हे साधले आणि १९८६ साली त्यांना नोबेल मिळाले. कंपनांपासून बचाव करण्यासाठी त्यांनी आरंभीचे यंत्र अतिवाहक शिशाच्या आधारे चुंबकीय बलावर तरंगत ठेवले होते. आम्हाला तो मार्ग बंद आहे. आमच्याकडे स्प्रिंगा, शहाबादी फरशी आणि पंचवीस हजार रुपयांची मर्यादा आहे.

२८ नोव्हेंबर २०२३

सुई हलवण्यासाठी महागडी पिझो नळी (पिझो म्हणजे व्होल्टेज दिले की किंचित आकार बदलणारा पदार्थ) न घेता बझरमधील २७ मिलिमीटर व्यासाची पितळी चकती वापरत आहोत. बाजारात ती आम्हाला पंधरा रुपयांना मिळाली. चकतीवरील पांढऱ्या सिरॅमिकवर चांदीचा मुलामा असतो. तो धारदार पात्याने उभा-आडवा कापून त्याचे चार समान भाग करायचे. समोरासमोरच्या दोन भागांना विरुद्ध व्होल्टेज दिले की चकती कलते आणि मध्यावर चिकटवलेल्या काडीचे टोक बाजूला सरकते. चारही भागांना सारखे व्होल्टेज दिले की टोक वर किंवा खाली जाते.

कापताना पाते मुलाम्याच्या खाली गेले की सिरॅमिकला केसाएवढी भेग पडते आणि ती डोळ्यांना दिसतही नाही. यासाठी प्रत्येक भागाची धारिता मल्टिमीटरने मोजावी. पूर्ण चकतीची धारिता सुमारे २० नॅनोफॅरड असते, म्हणजे प्रत्येक भागाची ५च्या जवळपास यायला हवी. एखादा भाग ३ दाखवत असेल तर चकती टाकून द्यावी. स्वस्त असल्याने एकदम डझनभर आणणे शहाणपणाचे ठरते. सोल्डरिंगचे टोक दोन सेकंदांपेक्षा अधिक टेकवू नये; जास्त तापल्यास मुलामा सुटतो आणि त्या जागचा पिझो गुणही क्षीण होतो.

मध्यावरील काडी म्हणून काचेच्या बारीक नळीचा एक सेंटिमीटरचा तुकडा अ‍ॅराल्डाइटने बसवला. तिच्या टोकाला आयसी सॉकेटची गोल पिन आहे आणि सुई तिच्यात घट्ट सरकते. सुई ०.२५ मिलिमीटर जाडीच्या प्लॅटिनम-इरिडियम तारेची. तार पकडीत धरून ओढत असताना कटरने तिरकी तोडली की तुटलेल्या कडेवर कुठेतरी एखादा अणूएवढा सुळका उरतो आणि तोच कामाला येतो.

९ डिसेंबर २०२३

प्रवाह मोजणारा अ‍ॅम्प्लिफायर तयार झाला. फीडबॅकमध्ये १०० मेगाओहमचा रोध आहे, म्हणजे १ नॅनोअँपिअर प्रवाहाला ०.१ व्होल्ट मिळतात. सर्किट प्रथम नेहमीप्रमाणे पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डावर, सोल्डर केले, तेव्हा इनपुटला काहीही न जोडताही आउटपुटवर ३० मिलिव्होल्ट दिसत होते. याचा अर्थ ०.३ नॅनोअँपिअर प्रवाह बोर्डावरूनच गळत होता, आणि आम्हाला मोजायचा प्रवाह याच्या तीनचारपटच आहे. गळती सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरणाऱ्या फ्लक्सच्या थरातून होत होती. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून धुतला, ऑप-अँपचा, म्हणजे प्रवाह मोजणाऱ्या चिपचा, इनपुट पाय बोर्डाला न जोडता वर उचलला आणि रोधाचे टोक व सुईची तार यांचा जोड हवेतच केला. आता आउटपुट एका मिलिव्होल्टच्या आत राहते. पीसीबी कितीही स्वच्छ दिसला तरी इनपुटचा जोड त्यावर करू नये, असा आमचा ठाम सल्ला आहे.

वीजपुरवठा १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवरून घेतला आहे. मोजमाप चालू असताना चार्जर काढून ठेवतो. सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसवले असून डबा अर्थिंगला जोडला आहे.

१९ डिसेंबर २०२३

सुई नमुन्याजवळ नेण्याची यंत्रणा जोडली. एम-३ स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. २८बीवायजे-४८ ही स्वस्त स्टेपर मोटर एका फेऱ्यात सुमारे २०४८ पावले टाकते, म्हणजे एका पावलाला स्क्रू सुमारे २४४ नॅनोमीटर सरकतो. त्यापुढे तरफेने दहापट घट केल्यावर सुई एका पावलात सुमारे २४ नॅनोमीटर उतरते. पिझोचा एकूण पल्ला काही मायक्रोमीटर असल्याने एवढे पाऊल सुरक्षित आहे. प्रत्येक पावलानंतर पिझो पूर्ण ताणून प्रवाह आला का हे पाहायचे, आला नाही तर पिझो मागे घेऊन पुढचे पाऊल टाकायचे, असा क्रम मायक्रोकंट्रोलर पाळतो.

प्रवाह मिळाल्यावर मोटरचा पुरवठा बंद करावा. गिअरमुळे ती जागच्या जागी राहते. पुरवठा चालू ठेवला की तिची गुंडाळी तापते, आणि ती उष्णता स्क्रूतून चौकटीत उतरून सुई सतत सरकत राहते. हे शोधण्यात आमचा जवळपास आठवडा गेला, कारण दोष पिझोचा असावा असे आम्ही धरून चाललो होतो.

नमुना म्हणून आरंभी पेन्सिलीचे शिसे घासून पाहिले. त्यात चिकणमाती मिसळलेली असते आणि पृष्ठभाग फार खडबडीत असतो. त्यावर वेळ घालवू नये. पुण्यातील एका प्रयोगशाळेने वापरून झालेला एचओपीजीचा, म्हणजे एकसारख्या थरांच्या कृत्रिम ग्रॅफाइटचा, तुकडा दिला आहे. त्यावर चिकटपट्टी दाबून ओढली की वरचे थर निघतात आणि खाली ताजा, आरशासारखा पृष्ठभाग मिळतो.

२७ डिसेंबर २०२३

प्रवाह मिळतो, परंतु टिकत नाही. ऑसिलोस्कोपवरील रेषा शांत असताना हळूहळू फुगत जाते, प्रवाह कमाल मर्यादेला आपटतो, मग रेषा पुन्हा बारीक होते आणि दहाबारा सेकंदांनी सारे परत घडते. बाहेरचे कंपन एकाच वारंवारतेचे असते तर त्याचा जोर असा कमीजास्त झाला नसता.

फोनमधील प्रवेगमापक फायफॉक्स अ‍ॅपद्वारे चालू करून फोन शहाबादी फरशीवर ठेवला आणि दीर्घ नोंद घेतली. वर्णपटात १.९ ते २.१ हर्ट्झ या पट्ट्यात एकमेकांना खेटून अनेक शिखरे दिसली. शेजारच्या कारखान्यात मागांची देखभाल करणाऱ्या जॉबर मामांना विचारले, तेव्हा माग मिनिटाला १२०च्या आसपास पिक घेतात, म्हणजे तितक्या वेळा आडवा धागा टाकतात, असे कळले. सेकंदाला दोन. प्रत्येक पिकला फणी आडव्या धाग्यावर आपटते आणि तो ठोका पायातून काळ्या मातीत उतरतो. रेषा का फुगते, हेही मामांनीच उलगडून सांगितले. ते म्हणाले, "सर, दोन मागांचा ठोका एक होऊन ऱ्हात नाही. जुळतो, परत सुटतो. प्रत्येकाची मोटर येगळी, पट्टा येगळा." मिनिटाला १२० आणि ११४ पिक घेणाऱ्या दोन मागांचे ठोके दर दहा सेकंदांनी जुळतात, आणि आमची रेषाही तेवढ्याच अवधीने फुगत होती. मामांनी चाळीस वर्षे मागांत काढली आहेत. त्यांचा कान आमच्या वर्णपटाच्या आधी उत्तर देतो.

८ जानेवारी २०२४

मायक्रोस्कोप फूटभर लांबी-रुंदीच्या, इंचभर जाडीच्या शहाबादी फरशीवर ठेवून ती लोखंडी चौकटीतून चार स्प्रिंगांवर टांगली. फरशीचे वजन सुमारे सहा किलो आहे. मामांनी आणून दिलेल्या मागाच्या जुन्या स्प्रिंगा या वजनाला जेमतेम ताणल्या, म्हणून बाजारातून मऊ स्प्रिंगा आणल्या. त्या सहा सेंटिमीटर ताणल्या आणि यंत्राची अवस्था जमिनीवर असताना होती त्याहून वाईट झाली. फरशी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी डोलू लागली.

कारण साध्या सूत्रात आहे. वजनाने स्प्रिंग किती ताणली एवढ्यावरच टांगलेल्या वस्तूची नैसर्गिक वारंवारता ठरते. ताण ६ सेंटिमीटर असेल तर ती २ हर्ट्झ येते, म्हणजे नेमका मागांचा ठोका. अशा जुळणीत स्प्रिंग कंपन अडवण्याऐवजी कित्येक पटींनी वाढवते. १ हर्ट्झ हवे असेल तर ताण २५ सेंटिमीटर लागतो. स्प्रिंग विकत घेण्याआधी हे गणित करावे आणि त्याच्याही आधी आपल्या जागेतील कंपन मोजावे. दुसऱ्याच्या गावात चाललेली स्प्रिंग आपल्याकडे चालेलच असे नाही.

मधल्या काळात सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांवर टांगून पाहिले. रबर भाराखाली सतत लांबत राहते, त्यामुळे फरशी रोज थोडी खाली आणि तिरकी होत गेली. तो प्रयोग सोडून दिला.

१५ जानेवारी २०२४

संक्रांतीनिमित्त कारखाना बंद आहे. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला गाव लोटले असताना विद्यार्थी खोलीवर थांबले, कारण अशी शांतता पुन्हा कधी मिळेल हे सांगता येत नव्हते. माग थांबले की सहा सेंटिमीटरच्या स्प्रिंगाही पुरेशा ठरतात. बायस, म्हणजे सुई आणि नमुना यांच्यातील व्होल्टेज, १०० मिलिव्होल्ट आणि प्रवाह १ नॅनोअँपिअर ठेवून ग्रॅफाइटवर पायऱ्या स्पष्ट दिसल्या: सपाट पठार, सरळ कडा, पुन्हा पठार.

पडद्यावर पायऱ्यांची उंची ०.४२, ०.८५ आणि १.२५ नॅनोमीटर अशी आली. ग्रॅफाइटच्या दोन थरांतील अंतर ०.३३५ नॅनोमीटर आहे. आमचे आकडे ०.४२च्या एकपट, दुप्पट आणि तिप्पट आहेत, म्हणजे पायऱ्या एका, दोन आणि तीन थरांच्या असून चूक केवळ मापपट्टीत आहे. पिझोसाठी आम्ही व्होल्टला १५० नॅनोमीटर असे गृहीत धरले होते. ते १२० हवे. एकच पायरी मोजून मापपट्टी बदलली असती तर ती पायरी एका थराची की दोन थरांची हे ठरवता आले नसते. निदान तीन वेगवेगळ्या उंचीच्या पायऱ्या मिळाल्याशिवाय हा निष्कर्ष काढू नये.

दुसरी दुरुस्ती डीएसीची, म्हणजे आकड्यांचे पिझोसाठी व्होल्टेज करणाऱ्या चिपची. १६ बिटांचा डीएसी ±१० व्होल्टचे ६५,५३६ भाग करतो. एक भाग ०.३ मिलिव्होल्टचा, म्हणजे उंचीत ०.०३७ नॅनोमीटर. पायरी मोजायला हे चालते, अणूंसाठी फार जाड आहे. त्यामुळे स्थूल हालचालीसाठी एक चॅनेल ठेवून दुसऱ्या चॅनेलचे व्होल्टेज रोधांनी दहा पटींनी कमी केले आणि दोन्हींची बेरीज पिझोला दिली.

४ फेब्रुवारी २०२४

आडव्या दिशेच्या मापासाठी कोरी सीडी वापरली. तिच्या खोबणींमधील अंतर १.६ मायक्रोमीटर असते. वरचा थर चिकटपट्टीने उपटून काढला आणि उरलेल्या खोबणीदार प्लास्टिकवर पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेतून सोन्याचा पातळ थर चढवून आणला. आमच्या तुकड्यातील अंतर खरोखर तेवढेच आहे का, हे विद्यार्थ्यांनी लाल लेझरने पडताळले: ६५० नॅनोमीटरच्या प्रकाशाचा पहिला ठिपका २४ अंशांवर यायला हवा आणि तो तेथेच आला. एसटीएमवरील चित्रावरून आडवे माप व्होल्टला १८० नॅनोमीटर ठरले.

११ फेब्रुवारी २०२४

माग चालू असताना काम करता यावे यासाठी यंत्रात तीन बदल केले आणि तिन्हींचा उपयोग झाला.

पहिला बदल मायक्रोस्कोपच्या स्वतःच्या चौकटीचा. जुनी चौकट अ‍ॅल्युमिनियमची आणि उंच खांबांची होती. टिचकी मारली की ती सुमारे ४०० हर्ट्झवर वाजत असे. वर्कशॉपमध्ये पोलादाची बुटकी, जाड चौकट करून घेतली. ती २ किलोहर्ट्झच्या वर वाजते. बाहेरच्या संथ हालचालीमुळे सुई आणि नमुना यांच्यातील अंतर किती बदलेल हे त्या हालचालीची आणि चौकटीची वारंवारता यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर अवलंबून असते, त्यामुळे चौकटीची वारंवारता पाचपट झाली की उपद्रव पंचवीस पटींनी घटतो. येथे पैसे वाचवू नयेत. लेथकामाला १,८०० रुपये लागले आणि संपूर्ण प्रकल्पात सर्वांत सार्थकी लागलेला हाच खर्च आहे.

दुसरा बदल स्प्रिंगांचा. २५ सेंटिमीटर ताणल्या जाणाऱ्या स्प्रिंगा मुद्दाम करवून घेतल्या. फरशीखाली तांब्याचा जाड पत्रा बसवून त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेली चुंबके जमिनीच्या बाजूने उभी केली. फरशी डोलू लागली की पत्र्यात भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि स्पर्शाविना तिला आवरतात. फरशीला हलका धक्का दिल्यावर ती दोनतीन हेलकाव्यांत स्थिर व्हावी इतपतच चुंबके जवळ आणावीत. त्याहून अधिक जवळ आणली की जमिनीचे कंपन चुंबकांमार्फतच फरशीवर पोचू लागते.

तिसरा बदल तारांचा, आणि त्याचे महत्त्व आमच्या सर्वांत उशिरा ध्यानात आले. स्प्रिंगा उत्तम असूनही कंपन पुरेसे घटत नव्हते, कारण बाहेरच्या लोखंडी चौकटीपासून फरशीपर्यंत जाडी केबल सरळ ताणून नेलेली होती. स्प्रिंगांनी अडवलेले कंपन केबलमधून आत येत होते. आता हेडफोनमधील केसासारख्या तारा वापरल्या आहेत, त्या सैल वेटोळ्यांत सोडल्या आहेत आणि दोन्ही टोकांशी पक्क्या बांधल्या आहेत.

आवाजासाठी प्लायवूडची पेटी केली आणि तिला आतून सोलापुरी चादरींचे घड्या घातलेले थर लावले. जाड विणीमुळे धोट्याचा खटखटाट बराच शोषला जातो. फणीचा खोल ठोका मात्र चादरीने अडत नाही, तो स्प्रिंगांनीच अडवावा लागतो.

१८ फेब्रुवारी २०२४

आज पडद्यावर अणूंच्या ओळी दिसल्या आणि त्या खोट्या निघाल्या. ही नोंद मुद्दाम सविस्तर लिहीत आहे.

स्कॅनची खिडकी, म्हणजे एका चित्रात येणारी रुंदी, ३ नॅनोमीटरची होती आणि वेग सेकंदाला दोन ओळींचा. चित्रात उभ्या, समांतर, सुबक रेषा उमटल्या आणि त्यांच्यातील अंतर ०.२४ नॅनोमीटर भरले. ग्रॅफाइटमधील शेजारच्या दोन दृश्य अणूंतील अंतर ०.२४६ नॅनोमीटर असते. विद्यार्थ्यांना झालेला आनंद समजण्यासारखा होता. परंतु रेषा एकाच दिशेच्या होत्या, आणि ग्रॅफाइटची जाळी षट्कोनी सममितीची असल्याने तिच्या ओळी तीन दिशांना दिसायला हव्यात. म्हणून खिडकी अर्धी, दीड नॅनोमीटरची केली. ओळी खऱ्या असत्या तर त्यांची संख्या निम्मी झाली असती. ती तेवढीच राहिली.

गणित असे आहे. प्रत्येक ओळीत सुई जाते आणि परत येते, त्यामुळे सेकंदाला दोन ओळी म्हणजे जाण्याचा प्रवास पाव सेकंदाचा. पाव सेकंदात ५० हर्ट्झच्या विजेची साडेबारा आवर्तने होतात. तीन नॅनोमीटरला साडेबाराने भागले की ०.२४ येतात. घरातील विजेचा गुणगुणाट अणू बनून पडद्यावर उतरला होता आणि पुस्तकातील आकड्याशी जुळतही होता. आकडा जुळला एवढ्यावर थांबलो असतो तर पुढचे सारे काम या चित्रावर उभे राहिले असते.

तेव्हापासून कोणतेही चित्र मान्य करण्याआधी आम्ही तीन गोष्टी करतो: खिडकी लहानमोठी करतो, स्कॅनची दिशा फिरवतो आणि वेग बदलतो. खरी रचना खिडकीच्या प्रमाणात बदलते, दिशेबरोबर फिरते आणि वेगाची तमा बाळगत नाही.

२५ फेब्रुवारी २०२४

५० हर्ट्झचा मार्ग सापडला. लॅपटॉपचा चार्जर लावलेला असताना यूएसबी केबलच्या ग्राउंडमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या ग्राउंडपर्यंत एक वेटोळे पूर्ण होत होते. लॅपटॉप बॅटरीवर चालवला, यूएसबीमध्ये आयसोलेटर बसवला आणि सर्व ग्राउंड एकाच बिंदूला जोडले. खोलीतील ट्यूबलाइटही बंद ठेवतो.

वेग सेकंदाला वीस ओळींपर्यंत वाढवला, प्रवाह स्थिर राखण्यासाठी सुई खालीवर करणारा फीडबॅक मंद ठेवला, म्हणजे सुई जवळपास एका उंचीवर राहून प्रवाहातील चढउतारच नोंदवते. रात्रपाळी चालू होती, भिंतीपलीकडे माग धडधडत होते, आणि पडद्यावर तीन दिशांच्या ओळींचे त्रिकोणी जाळे आले. खिडकी अर्धी केल्यावर ठिपके दुप्पट मोठे झाले. दिशा तीस अंशांनी फिरवल्यावर जाळेही फिरले. चित्रातील पुनरावृत्ती ठिपक्यांनी दाखवणाऱ्या फुरिये चित्रात सहा ठिपके स्वच्छ होते. विद्यार्थी पहाटेपर्यंत चित्रे घेत बसले आणि मीही उठलो नाही.

एक सूचना करतो. अशा चित्रात ग्रॅफाइटचे सगळे अणू दिसत नाहीत. ज्यांच्या थेट खाली दुसऱ्या थरातील अणू नसतो ते ठळक उमटतात, म्हणून मधमाशीच्या पोळ्याऐवजी त्रिकोणी जाळे दिसते. शिवाय हवेत काम करताना सुई मऊ पृष्ठभागाला दाबते आणि अणूंची उंची अवास्तव मोठी दिसू शकते. ही उंची मोजमाप म्हणून कोठेही लिहू नये. उंचीसाठी पायऱ्याच वापराव्यात.

३ मार्च २०२४

खऱ्या जाळ्यावरील मोजमापात एका विद्यार्थ्याला ०.२५ नॅनोमीटर मिळाले आणि दुसऱ्याला ०.२९. दोघांचेही मोजणे बरोबर होते. पहिल्याने दोन ओळींमधील लंब अंतर घेतले, दुसऱ्याने शेजारच्या दोन ठिपक्यांमधील. त्रिकोणी जाळ्यात या दोहोंचे गुणोत्तर ०.८६६ असते, आणि ०.२९ला त्याने गुणले की ०.२५ येतात. म्हणजे जाळ्याचा आकार बरोबर असून पट्टी चुकली आहे: ठिपक्यांमधील अंतर ०.२४६ आणि ओळींमधील ०.२१३ असायला हवे. ओळींचे ०.२५ पुस्तकातील ०.२४६ला जुळते असे समजून पुढे जाणे येथेही सोपे होते.

सीडीवरून काढलेले १८० नॅनोमीटर चुकीचे नव्हते. पिझो मोठ्या व्होल्टेजला प्रमाणाबाहेर अधिक प्रतिसाद देतो आणि लहान व्होल्टेजला कमी. कित्येक व्होल्टांच्या स्कॅनवर तयार केलेली पट्टी काही मिलिव्होल्टांच्या स्कॅनला लागू पडत नाही. जाळ्यावरून हिशेब केला तर लहान खिडकीसाठी व्होल्टला १५३ नॅनोमीटर येतात. आता सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या ठेवल्या आहेत: मायक्रोमीटरच्या चित्रांसाठी सीडीची आणि नॅनोमीटरच्या चित्रांसाठी ग्रॅफाइटच्या जाळीची. मधल्या पल्ल्यातील मापे आम्ही आकडा म्हणून देत नाही.

२८ मार्च २०२४

ऊन वाढले आणि नवी अडचण उभी राहिली. दुपारी स्लॅब तापलेला असताना चित्र सेकंदाला अर्धा नॅनोमीटर सरकते. तीन नॅनोमीटरच्या खिडकीत पाहिलेली जागा सहा सेकंदांत बाहेर जाते आणि जाळे तिरपे दिसते. पोलादाचा एक सेंटिमीटरचा तुकडा ०.१ अंश तापला तरी सुमारे १२ नॅनोमीटर लांबतो, अ‍ॅल्युमिनियमचा २३. त्यामुळे कूलर लावणे हा उपाय नाही; त्याच्या झोताने तापमान अधिकच हेलकावते आणि पंख्याचे कंपन वेगळे.

मायक्रोस्कोपवर थर्माकोलचे झाकण घातले आणि पेटीत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या, म्हणजे आतले तापमान सावकाश बदलते. नमुना बसवल्यावर हाताची उष्णता उतरेपर्यंत निदान दोन तास थांबतो. तरीही मोजमापाची खरी वेळ पहाटे तीन ते सहा हीच आहे. त्या वेळी सरकणे सेकंदाला ०.०२ नॅनोमीटरपर्यंत खाली येते. उरलेली चूक काढण्यासाठी एक चित्र वरून खाली आणि लगेच दुसरे खालून वर घेतो. सरकण्यामुळे एकात जाळे ताणले जाते आणि दुसऱ्यात आखडते, आणि दोहोंतील फरकावरून सरकण्याचा वेग काढून दोन्ही चित्रे दुरुस्त करता येतात.

२० एप्रिल २०२४

कारखान्याचे मालक चित्रे पाहायला आले आणि साडीच्या जरीवरील धातूचा थर किंवा सुताचा तंतू या यंत्राने मोजता येईल का, असे त्यांनी विचारले. उत्तर नाही असे आहे. एसटीएमला नमुन्यातून प्रवाह जावा लागतो. सूत वाहक नाही, आणि प्लास्टिकच्या पट्टीवरील जरीला लाखेसारखे संरक्षक आवरण असते. अशा कामाला एएफएम, म्हणजे अणुबल मायक्रोस्कोप, लागतो. तो बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी १९८६ साली पुढे आणला आणि त्यात प्रवाहाऐवजी सुईवरील बल मोजले जाते. प्रश्न मात्र योग्य आहे. या गावात नॅनोमीटर मोजण्याचे यंत्र असेल तर त्याने येथील धाग्यालाही हात घातला पाहिजे, असे मलाही वाटते, आणि एएफएममध्ये बल जाणण्यासाठी लागणाऱ्या क्वार्ट्झ फोर्कचे भाव आम्ही काढत आहोत.

आजवरचा खर्च सुमारे एकवीस हजार रुपये: मायक्रोकंट्रोलर, डीएसी आणि अ‍ॅम्प्लिफायर मिळून साडेनऊ हजार, सुईची तार तीन हजार, स्प्रिंगा, चुंबके व तांबे मिळून साडेतीन हजार, लेथकाम अठराशे, बाकी पेटी, बॅटऱ्या, किरकोळ सामान आणि वाया गेलेले भाग. ग्रॅफाइट व सोन्याचा थर यांसाठी आम्हाला पैसे द्यावे लागले नाहीत. ते विकत घ्यायचे झाल्यास अंदाजपत्रक बरेच वाढेल.

सध्या वापरात असलेली मांडणी: बायस ५० मिलिव्होल्ट, प्रवाह १ नॅनोअँपिअर, पायऱ्यांसाठी सेकंदाला दोन ओळी व वेगवान फीडबॅक, जाळ्यासाठी वीस ओळी व मंद फीडबॅक. चित्रातील प्रत्येक वस्तू एकाच आकाराची किंवा जोडीने दिसू लागली तर सुईला दोन टोके झाली आहेत असे समजून सुई लगेच बदलावी. मेमध्ये पुण्याहून अभ्रकावर चढवलेला सोन्याचा थर येणार आहे. सोन्याच्या सपाट पृष्ठभागावरील एका अणूची पायरी ०.२३५ नॅनोमीटरची असते, आणि ग्रॅफाइटवर ठरवलेली उंचीची पट्टी तिच्यावर पडताळून पाहायची आहे. तोवर ओळींचा वेग ५०ला निःशेष भाग देणाऱ्या आकड्यांपासून आपोआप दूर राहील असा बदल विद्यार्थी सॉफ्टवेअरमध्ये करत आहेत.